गडद कृष्णधवल छायाचित्रांसाठी हानेम्यूले फोटो रॅग ३०८

गडद कृष्णधवल छायाचित्र मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, सुती कागदावर छापावे की नाही, हे त्या छायाचित्रातला अंधार कोणत्या प्रकारचा आहे यावरून ठरवावे लागते. १५८४ साली सुरू झालेल्या हानेम्यूले या जर्मन कागदगिरणीचा फोटो रॅग ३०८ हा कागद मी मुख्यतः अशाच छायाचित्रांसाठी वापरतो. अंधारातही भिंतीचा पोत, कापडाची घडी किंवा चेहऱ्याची झाकलेली बाजू जाणवत राहावी अशी ज्या चित्राची मागणी असते, त्यासाठी माझी पहिली पसंती याच कागदाला आहे.

कागद संपूर्ण कापसाचा असून त्याचे वजन दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असला तरी त्याला अगदी हलका पोत आहे आणि चकाकी मुळीच नाही. चकचकीत कागदावर दिव्याचे प्रतिबिंब नेमके गडद भागातच सर्वाधिक खुपते. इथे तो त्रास नसल्यामुळे सावल्यांमधला तपशील कोणत्याही कोनातून निवांतपणे पाहता येतो.

मॅट कागदावर काळा रंग पुरेसा गडद उतरत नाही, या मुख्य आक्षेपाकडे आता वळतो. मॅट कागदावर काळ्या रंगाची घनता (तो किती प्रकाश शोषून घेतो याचे माप) साधारणपणे १.६ ते १.७ पर्यंतच जाते, तर चांगल्या बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या, चमकदार) कागदावर ती २.२ च्याही पुढे जाते. हे माप लॉगॅरिदमिक (दर एका अंकाला दहापट बदलणारे) असल्यामुळे आकड्यांतला फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे: १.६५ घनतेचा काळा रंग सुमारे २.२ टक्के प्रकाश परत पाठवतो, तर २.३ घनतेचा काळा जेमतेम अर्धा टक्का. तरीही केवळ या आकड्यावरून कागद नाकारणे मला अन्यायाचे वाटते, कारण डोळा काळ्याची खोली शेजारच्या छटांच्या तुलनेत जोखतो. शिवाय प्रिंट साध्या काचेमागे लावली, तर काच स्वतःच सुमारे आठ टक्के प्रकाश परावर्तित करते आणि समोर उजेड असेल तर दोन कागदांमधले अंतर बरेच बुजते.

खरी कसोटी लागते ती अगदी खालच्या छटांची. ० ते २५५ या श्रेणीतल्या पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या पडद्यावर वेगवेगळ्या दिसतात, पण मॅट कागदावर त्या सहज एकमेकींत मिसळून जातात. म्हणून कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची माहिती देणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, पाहणे, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (चित्रातला सर्वांत गडद काळा कागदाच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवणारी सोय) चालू ठेवणे आणि कर्व्हचा, म्हणजे छटांच्या आलेखाचा, फक्त तळाचा भाग थोडा वर उचलणे आवश्यक ठरते; संपूर्ण चित्र उजळ केले तर त्याचा गडदपणाच निघून जातो. मॉनिटर फार प्रखर असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. दर चौरस मीटरला ८० ते १०० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) एवढी प्रखरता या कामाला योग्य आहे. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये मॅट कागदाचाच प्रकार निवडला पाहिजे, म्हणजे मॅट ब्लॅक शाई वापरली जाते. फोटो ब्लॅक शाईने या कागदावर काळा रंग राखाडी आणि निर्जीव उतरतो. एप्सनच्या प्रिंटरमधला अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट हा मोड प्रामुख्याने काळ्या आणि राखाडी शायांवर भर देतो, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकाशात करड्या छटांवर हिरवट किंवा जांभळट झाक येण्याची शक्यता कमी होते.

हाताळणीत मात्र काटेकोर राहावे लागते. सुती कागदाचे सुटे तंतू छपाईपूर्वी मऊ ब्रशने झटकले नाहीत, तर ते शाईसकट गळून पडतात आणि काळ्या भागात पांढरे ठिपके उरतात. उजळ चित्रात लपणारा हा दोष गडद चित्रात लगेच नजरेत भरतो. मॅट काळ्यावर ओरखडेही चटकन उमटतात, म्हणून हातमोजे वापरावेत आणि दोन प्रिंटांमध्ये पातळ आम्लरहित कागद ठेवावा.

ज्या चित्रात निखळ, तपशीलहीन काळी पार्श्वभूमी हाच रचनेचा आधार आहे, तिथे मी फोटो रॅग ३०८ सुचवणार नाही. त्यासाठी याच गिरणीचा फोटो रॅग बरायटा ३१५ अधिक समर्थ आहे. निर्णय होत नसेल तर एकाच चित्राची लहान प्रिंट दोन्ही कागदांवर काढावी, ती दिवसभर वाळू द्यावी आणि चित्र जिथे लावायचे आहे तिथल्याच प्रकाशात दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.