गुहेतला कोळी नवा कसा ठरवायचा: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

भाजे-बेडसे लेण्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा कोळी दिसला, तर माझा पहिला भरवसा सूक्ष्मदर्शकावर. नराचे पॅल्प (तोंडाजवळचे, वीर्य पोहोचवणारे छोटे अवयव) आणि मादीचे एपिजाइन (पोटाखालचा जननावयव) यांची ठेवण जातीगणिक वेगळी असते. ती रेखाटताना डोळा तयार होतो, आणि ते चित्र शंभर वर्षं जुन्या वर्णनाशीही ताडून पाहता येतं. अडचण मोठी आहे: पुष्कळदा हाती पिल्लंच लागतात, त्यांचे हे अवयव घडलेलेच नसतात.

तिथे डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं, कामी येतं. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) तुकडा एका पायातूनही मिळू शकतो. मात्र डीएनए टिकावा म्हणून नमुना ७० नव्हे, ९५ टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) ठेवा.

पण नुसत्या बारकोडवर नवी जात जाहीर करणं मला पटत नाही. आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रासारख्या ठिकाणी जपलेला प्रौढ नमुना हवाच.