दीडशे-सहाशेची झूम लेन्स, नऊ महिने आणि पाच किलो जोंधळे

दसऱ्याला घेतली, आता आषाढ सरत आला, म्हणजे नऊ महिने झाले. १५०-६०० मिमी, सेकंडहँड, क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) लावतो म्हणजे ६०० ला ९०० सारखं दिसतं. कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण मला आलेल्या अडचणींपैकी निम्म्या माझ्याच आहेत आणि ५-६.३ अपर्चरवाल्या (अपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं भोक, आकडा मोठा तर भोक लहान) या रेंजच्या लेन्स इकडून तिकडून सारख्याच, वजन दोन किलोच्या आसपास अन् पुढं बशीएवढी काच.

घेताना डोक्यात एकच होतं, नाथसागरावरचे, म्हणजे जायकवाडी धरणावरचे रोहित (फ्लेमिंगो). थंडीत पैठणकडं दर रविवारी, पहाटे पाचला गाडीला किक. आता त्यात गंमत अशी की गेल्या पावसाळ्यात धरण चांगलं भरलेलं, आणि धरण भरलं की रोहित उशिरा दिसतात, कारण त्यांना लागतो उथळ चिखल, तो पाणी हटल्याशिवाय उघडा पडत नाही. गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) सुरू झाल्यावर कुठं थवा दिसला, तोही लांब. १९८६ पासून अभयारण्य आहे, पाण्यात वाटेल तसं घुसता येत नाही आणि घुसूही नये, आपण चार पावलं पुढं गेलो की थवा चाळीस पावलं मागं सरकतो. काठावरनं ६०० ला फोटो काढले, घरी येऊन बघतो तर सगळे पक्षी पाण्यात विरघळल्यासारखे.

दोन महिने मी लेन्सलाच शिव्या घालत होतो. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन करून भांडलोसुद्धा (नंतर सॉरी म्हणालो). मग एक दिवस अंगणात दोरीवर बसलेली चिमणी वीस फुटांवरनं काढली तर चोचीला लागलेला भाताचा कण दिसतोय! म्हणजे लेन्स ठीक, मधली हवा ठीक नाही. ऊन चढलं की काठावरची जमीन तापते, वरची हवा हलायला लागते आणि तुम्ही त्या हलत्या हवेतनं पाचशे फूट बघताय, तिथं लाखाची लेन्स लावा नाहीतर पाच लाखाची, चित्र लिबलिबणारच. आता नऊ वाजले की कॅमेरा बॅगेत आणि मी चहाच्या टपरीवर. ६०० चा उपयोग लांबचं जवळ आणायला नाही, जवळचंच मोठं करायला आहे, एवढं कळायला माझा अख्खा हिवाळा गेला.

त्यामुळं सगळ्यात जास्त वापर कुठं झाला असेल तर संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात. हसू नका. मित्र हसले होते, "पिंजऱ्यातला वाघ काय काढतो," म्हणून. काढून बघा म्हणावं. जाळी मधे असते, कॅमेरा जाळीवरच फोकस धरतो, वाघ मागं पिवळा ढग. यावर लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, फोकस लिमिटर, मी चार महिने हातही लावला नव्हता. ते दहा मीटर ते अनंत वर टाकलं की जाळी त्याला पकडताच येत नाही, सरळ वाघावर जातो, वाघ तेवढा लांब पाहिजे मात्र. बाकी अपर्चर पूर्ण उघडं, रेलिंगच्या अलीकडं राहून जाळीच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं, आणि जाळीचा सावलीतला भाग शोधायचा. जाळीवर ऊन असलं की सगळ्या फोटोवर पांढरट पडदा येतो, तो नंतर कॉम्प्युटरवर निघत नाही. पांढऱ्या वाघाचं वेगळंच, मागं काळोख असला की कॅमेरा त्याला जाळून टाकतो, म्हणजे पांढराफटक करतो, पट्टेच जातात, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) पाऊण स्टॉप खाली ओढा. त्या फोटोखाली लोक विचारतात ताडोबा का, मी सांगतो नाही, बस स्टँडच्या शेजारी.

बीड जिल्ह्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यातल्या मोरांबद्दल थोडक्यात. लेन्स नवीनच होती तेव्हा, ऑक्टोबरात उत्साहानं पाटोद्याकडं गेलो, मोर दिसले पण सगळे बोडके, पावसाळा संपता संपता पिसारा गळतो हे मला, शेतकऱ्याच्या पोराला, माहीत नसावं! यंदा जूनमध्ये परत गेलो, ढगाळ पहाट, ६.३ अपर्चरला अंधारच, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० च्या वर, आणि मोर झुडपातनं निघाला तो इतका जवळ की ६०० ला नुसती मान. झूम फिरवून मागं येईस्तोवर त्यानं पिसारा फुलवून मिटला होता. माझ्याकडं निम्म्या मोराचे अकरा फोटो आहेत.

तक्रारी म्हणाल तर, लेन्स खाली तोंड करून गळ्यात अडकवली की नळी आपोआप लांब होते, लॉकचं बटण होतं ते सहाव्या महिन्यात ढिलं झालं. दुरुस्तीला पाठवायचं तर पुण्याला, म्हणून सध्या जाड रबरबँडवर भागवतोय. पावसाळ्यात बुरशीची भीती, तर आईचा झाकण घट्ट बसणारा पिठाचा डबा घेतलाय, आत सिलिका जेल. आई बोलत नाहीये त्यावर.

आधीच एका गोष्टीवरनं नाराज आहे ती. ट्रायपॉड गाडीवर नेणं जमेना, म्हणून टेलरकडनं जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतली आणि त्यात पाच किलो जोंधळे भरले. रेलिंगवर, गाडीच्या सीटवर, बांधावर कुठंही टाका, लेन्स मस्त रुतून बसते, पाचशे रुपयांच्या आत एवढी भारी वस्तू दुसरी नाही. पण पहिला पाऊस पडला आणि पिशवीतनं सोंडे किडे चालत बाहेर, थेट घरातल्या कणगीकडं. आता जोंधळ्याऐवजी थर्माकोलचे मणी आहेत. हलकी झाली, फक्त लेन्स जरा हलवली की कर्रर्र वाजते. नाथसागरावर कुणाला ऐकू जात नाही. उद्यानात मात्र परवा ती वाजली आणि तासभर पाठ करून झोपलेल्या वाघानं मान वळवून सरळ माझ्याकडं बघितलं, तेवढ्यात एक फ्रेम मिळाली, जाळी कुठंच नाही.