फिक्स्ड की रँडम: मेटा-अ‍ॅनालिसिससाठी कोणतं मॉडेल?

मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणं. बडोद्यात एमडीचा प्रबंध लिहिणारे बरेच जण आधी आय-स्क्वेअर (निकालांतल्या फरकाचा किती टक्के भाग निव्वळ योगायोगाचा नाही) बघतात, ५० टक्क्यांवर गेला की रँडम, नाहीतर फिक्स्ड. ही पद्धत सोडाच. मॉडेल आकडे हाती येण्यापूर्वी, प्रश्नावरून ठरवायचं असतं.

फिक्स्ड मॉडेल धरून चालतं की सगळ्या अभ्यासांत खरा परिणाम एकच आहे. रँडम म्हणतं, रुग्ण, डोस, कालावधी बदलला की परिणामही थोडा बदलतो; त्या फरकाचं माप म्हणजे टाऊ-स्क्वेअर.

फरक वजनात दिसतो. समजा, सयाजीगंजच्या मोठ्या रुग्णालयातल्या अभ्यासाचं व्हेरियन्स (निकालातली अनिश्चितता) ०.०१ आणि दांडिया बाजारातल्या छोट्या दवाखान्याचं ०.२५. वजन म्हणजे एक भागिले व्हेरियन्स; फिक्स्डमध्ये ते १०० आणि ४, म्हणजे ९६ टक्के मोठ्याकडे. टाऊ-स्क्वेअर ०.१० असेल तर दोन्ही व्हेरियन्समध्ये तो मिळवून एकाला भागायचं: ९.०९ आणि २.८६. मोठ्याचा वाटा ७६ टक्क्यांवर येतो, छोट्याचा २४ वर चढतो. इथेच धोका आहे. छोटे अभ्यास बहुधा चांगला निकाल आला तरच छापले जातात, मग रँडमचं उत्तर फुगतं. म्हणून फनेल प्लॉट (छोटे अभ्यास एकाच बाजूला झुकलेत का ते दाखवणारा आलेख) काढा, दोन्ही मॉडेलांची उत्तरं शेजारी ठेवा.

वेगवेगळ्या रुग्णालयांचे अभ्यास असतील तर आमचा कौल रँडमलाच. पण १९८६ची डर्सिमोनियन-लेअर्ड पद्धत अभ्यास कमी असताना टाऊ-स्क्वेअर कमी दाखवते आणि विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) खोटं अरुंद येतं. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या मेटाफॉर पॅकेजमध्ये टाऊ-स्क्वेअर काढायला आरईएमएल पद्धत घ्या, सोबत विश्वासांतर सुधारणारी नॅप-हार्टुंग दुरुस्ती. अभ्यास दोन-तीनच असतील तर तीही अंतर अफाट रुंद करते. तेव्हा निकाल एकत्र न करता तक्त्यात मांडणं बरं.