अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम निमतेल : कीड जिवंत दिसली म्हणजे औषध फसलं असं नाही

"काल फवारलं, आज मावा जिवंतच!" या औषधाबद्दलची ही नेहमीची तक्रार. तक्रार खरी, निदान चुकीचं. कडुनिंब आपल्या बियांमध्ये अझाडिरॅक्टिन नावाचं जे रसायन राखणीला ठेवतो, तेच बाटलीत आहे. ते किडीला जागेवर लोळवत नाही. आधी तिचं खाणं मंदावतं, मग कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकाचं गणित बिघडतं. पाच-सहा दिवसांनी भिंग घेऊन पानाची खालची बाजू बघा. अर्धवट सुटलेली कात अंगाला चिकटून राहिलेली पिल्लं दिसली की समजावं, औषध लागू पडलंय. पंख फुटलेली कीड आणि मोठी अळी मात्र त्याला फारशी जुमानत नाही.

लेबलवर पीपीएमचा (दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिनचे किती भाग, त्याचा) आकडाच नसेल तर बाटली परत ठेवा. लिटरला ५ मिली घेतलं तर १५०० च्या बाटलीतून फवाऱ्यात ७.५ पीपीएम उतरतं, ३०० च्या बाटलीतून जेमतेम १.५. तेवढाच जोर ३०० मधून काढायला २५ मिली ओतावं लागेल, आणि इतक्या तेलाने पानं करपतील. उलट १०,००० वालं लिटरला पाऊण मिली लागतं. छोट्या पंपासाठी ते मोजणंच अवघड. कुंड्यांसाठी १५०० च बरं.

मिसळताना आधी थोड्या पाण्यात ढवळा, मग पंप भरा. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला हवं. थोड्या वेळात वर तेलाचे थेंब तरंगले तर मिश्रण फाटलंय. तसंच मारलं तर काही पानांवर नुसतं पाणी, काहींवर निव्वळ तेल. बहुतेकदा दोष जड पाण्याचा असतो. पाणी अल्कधर्मी असेल तर अझाडिरॅक्टिनही लवकर विघटित होतं, म्हणून चिमूटभर सायट्रिक अॅसिड घालून सामू (पीएच) ६ च्या आसपास आणा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

उन्हात ते टिकत नाही. संध्याकाळी फवारा, तेव्हा मधमाश्याही परतलेल्या असतात. सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या. वास मात्र दोन दिवस सोसावा लागतो.

भुरीवर (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर) दिसणारा गुण मुख्यतः तेलाच्या थराचा. तेल काढून टाकलेल्या अर्काकडून ती अपेक्षा नको. गंधकाची फवारणी झाली असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर पानं भाजतात. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.