आयपी५३ कॅमेरा आणि एक अख्खा पावसाळा

ओएम सिस्टीम या कंपनीची ओएम-१ ही कॅमेरा बॉडी आणि ३०० मिमी एफ/४ लेन्स ही जोडी घेऊन बरेच महिने झाले. वापर जवळजवळ सगळा पावसातला: पाणथळीचे पक्षी, बेडूक, कधी ओढ्याकाठचा खंड्या. बॉडी ६०० ग्रॅमच्या आसपास, लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायची कडी) दीड किलोच्या आत. मायक्रो फोर थर्ड्स या लहान आकाराच्या सेन्सरमुळे चौकटीत मावतं ते फुल फ्रेमवरच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) ६०० मिमीएवढं. निसरड्या चिखलात ट्रायपॉड रोवायची कटकटच नको, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

या बॉडीच्या आयपी५३ या आकड्याबद्दल, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या श्रेणीबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण लोक त्याचा अर्थ 'वॉटरप्रूफ' असा लावतात. ५ धुळीसाठी. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा सोसणं, बस्स. ओढ्यात पडणं किंवा लाटेचं खारं पाणी त्यात येत नाही. शिवाय लेन्सही त्याच तोडीची हवी. काही लेन्स आयपीएक्स१च्याच असतात, म्हणजे सरळ वरून ठिबकणाऱ्या थेंबांपुरत्या. सील (पाणी अडवणारी रबरी पट्टी) नसलेली लेन्स लावली, तर उत्तम बॉडीच्याही माउंटमधून, म्हणजे लेन्स जोडायच्या जागेतून, पाणी आत शिरू शकतं. त्यामुळे कुठल्याही कंपनीची लेन्स बघताना मी आधी माउंटच्या कडेची रबरी कडी शोधतो, धारदारपणाची चर्चा नंतर.

झूम लेन्स हवीच असेल तर झूम करताना नळी बाहेर न सरकणारी बघा. सोनीची २००-६०० मिमी आणि निकॉन झेडची १८०-६०० मिमी तशा आहेत; दोन्ही दोन किलोंच्या वर जातात, ते मात्र सोसावं लागेल. बाहेर सरकणाऱ्या झूमचा ओला दांडा दर वेळी आत जातो आणि सोबत दमट हवाही ओढतो. चांगलं सील असेल तर चालून जातं, पण दांडा पुसूनच आत घ्यावा.

माझ्या कॅमेऱ्यात पाणी शिरलं नाही. छळलं ते वाफेने. श्वास लागला की व्ह्यूफाइंडरची काच धुरकटते. कुठलाही कॅमेरा घ्या, यातून सुटका नाही. नाकाने हळू श्वास सोडायचा आणि डोळा किंचित लांब ठेवायचा. टचस्क्रीन बंदच करा, नाहीतर थेंबच फोकसची जागा ठरवतात. लेन्सच्या समोरच्या काचेसाठी खोल हूडसारखा (लेन्सपुढे लावायच्या नळकांड्यासारखा) उपाय नाही. वाट बघताना लेन्स जमिनीकडे झुकवून ठेवायची. मायक्रोफायबर एकदा भिजला की पाणी नुसतं पसरवतो, म्हणून आधी सुती पंचा, मग तो.

रेनकव्हरबद्दल माझं मत वेगळं आहे. प्लास्टिकचं कव्हर सळसळतं आणि आत घाम धरतं. रिपरिप असेल तर मी ते काढूनच ठेवतो, मुसळधार लागली तरच चढवतो. खरा धोका बॅटरी किंवा कार्ड बदलताना असतो, कारण दार उघडलं की सीलला काही अर्थच उरत नाही. मोठं कार्ड आणि भरलेली बॅटरी घालूनच निघावं.

एसीतून थेट बाहेर काढलेल्या गार कॅमेऱ्यावर दव धरतं, कधी आतल्या काचांवरही. बॅग न उघडता तासभर बाहेर राहू द्या. परतल्यावर मात्र ओलं सामान बॅगेत कोंबून ठेवायचं नाही. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवणारं ड्राय कॅबिनेट उत्तम. नसेल तर घट्ट डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. बुरशी एकदा काचेवरचा लेप खाऊ लागली की पुसून जात नाही.

उणीव प्रकाशाची. ढगाळ संध्याकाळी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० गाठावा लागतो आणि लहान सेन्सरवर दाणे दिसतात. थेंब थिजवायला १/१००० सेकंदाचा शटर वेग लागतो, तेव्हा तर जास्तच. पक्षी निवांत बसलेला असेल तर मी १/१२५ वर येतो. सरी रेघांसारख्या उमटतात आणि आयएसओही तीन स्टॉप (तीनदा निम्मा) खाली येतो. दाट झाडीत, अंधुक उजेडातच काम असणाऱ्याने फुल फ्रेमचं वजन उचलावं. उघड्या पाणथळीवर मला तरी ही जोडी बदलावीशी वाटलेली नाही.