चुंबकी ड्रेन बोल्ट : 30,000 किलोमीटरनंतरचा अनुभव

माझ्या पेट्रोल स्विफ्टच्या ऑइल चेंबरला गेल्या तीन सर्व्हिसिंगपासून मी चुंबक असलेला ड्रेन बोल्ट (चेंबरच्या तळाचा, जुने तेल काढण्यासाठीचा बोल्ट) वापरतो आहे; तेलातला लोखंडी कीस त्याला चिकटतो. एकदा फिल्टरच्या डब्यावर बाहेरून बसणारा चुंबकांचा पट्टाही लावून पाहिला. दोन्हींपैकी बोल्ट मनापासून सुचवावासा वाटतो, मात्र ‘तेल दुप्पट टिकते’ या विक्रेत्यांच्या कारणासाठी नव्हे.

पहिला बोल्ट 350 रुपयांचा होता. नवा असताना त्याच्या टोकाला सहा बारीक खिळे लटकत होते; 10,000 किलोमीटरनंतर काढला तेव्हा जेमतेम दोन. साधे निओडिमियम चुंबक सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचे क्षीण होऊ लागते आणि महामार्गावर इंजिनातले तेल सहज 100 अंशांच्या आसपास जाते, हे मला आधी ठाऊक असायला हवे होते. शिवाय ते चुंबक नुसते चिकटवलेले होते. सुटून चेंबरमध्ये पडले असते, तर काढण्यासाठी चेंबरच उतरवावा लागला असता. दुसरा बोल्ट 1,100 रुपयांचा घेतला. त्यातले चुंबक 150 अंशांपर्यंत टिकणाऱ्या प्रतीचे असून बोल्टमध्ये दाबून, वरून धातूची कड वळवून पक्के केलेले आहे. 20,000 किलोमीटरनंतरही त्याची पकड पहिल्यासारखीच आहे.

बोल्ट काढल्यावर टोकाला काळपट राखाडी लेप दिसतो, बोटांवर चोळला तर लोण्यासारखा मऊ. या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असला तरी सिलिंडरचे लायनर (आतले अस्तर) बिडाचे आहेत; ते, पिस्टनच्या रिंगा आणि टायमिंग चेन यांच्या नेहमीच्या झिजेतून हा कीस येतो. आमच्या मेकॅनिकच्या मते अशा लेपाने घाबरायचे कारण नाही, पण बोटाला टोचणारी कणी किंवा चकचकीत पापुद्रा सापडला, तर लगेच तपासणी करावी. माझ्या दृष्टीने या वस्तूची खरी किंमत इथे आहे: इंजिन न उघडता त्याच्या आतल्या झिजेचा अंदाज येतो.

मात्र हा अंदाज अपुराच असतो, कारण चुंबक फक्त लोखंड आणि पोलाद धरते. पिस्टनचे अॅल्युमिनियम, बेअरिंगमधले तांबे आणि कथील, हवेतून आलेली धूळ आणि काजळी त्याच्या हाती लागत नाहीत. म्हणूनच खोक्यावर छापलेला ‘तेल दुप्पट टिकते’ हा दावा मला सरळ दिशाभूल करणारा वाटतो. तेल बदलावे लागते ते उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यात मिसळलेली अॅडिटिव्ह म्हणजे पूरक रसायने संपत जातात आणि पेट्रोल व ओलावा मिसळतो म्हणून. यातले काहीही चुंबकाने थांबत नाही. मी तेल ठरलेल्या वेळीच बदलतो.

फिल्टरच्या पट्ट्यामागची कल्पना चांगली आहे. तेल आधी डब्याच्या भिंतीलगत येते आणि मग गाळणीच्या कागदातून आत जाते, त्यामुळे कागदातून निसटणारा अतिशय बारीक कीस भिंतीवर अडकण्याची शक्यता असते. तो अडकला का, हे पाहण्यासाठी मी जुना फिल्टर करवतीने कापला आणि करवतीचाच चुरा त्यात मिसळल्यामुळे तपासणी निरर्थक ठरली. असा डबा फिल्टर कापण्याच्या कटरनेच उघडावा लागतो. पट्टा लावायचाच असेल, तर फिल्टर गाडीवरून उतरेपर्यंत तो हलवू नये, नाहीतर साठलेला कीस पुन्हा तेलात मोकळा होईल. दर वेळी एवढा खटाटोप करणे मला परवडणारे नाही, म्हणून पट्टा मी पुन्हा लावलेला नाही.

बसवताना आट्यांचे माप जुन्या बोल्टशी जुळवून घ्यावे (माझ्या गाडीला 14 मिलिमीटर व्यास आणि 1.5 मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, लागतो), वॉशर दर वेळी नवा टाकावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपलीकडे (आवळण्याच्या जोरापलीकडे) आवळू नये, चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर आटे जायला वेळ लागत नाही. गाडी वॉरंटीत असल्यास सर्व्हिस सेंटरला आधी विचारलेले बरे. मी दर वेळी बोल्टवरचा लेप पांढऱ्या कागदावर पुसून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहितो. आतापर्यंतचे तिन्ही कागद सर्व्हिस बुकमध्ये आहेत, आणि तिसऱ्यावरचा डाग दुसऱ्यापेक्षा फिकट आहे.