मेटफॉर्मिन, डंबेल्स आणि पाळीची वही : पीसीओएसचे अकरा महिने

गेल्या वर्षी गौरी बसायच्या आठवडाभर आधी जाऊबाईंनी सहज विचारलं, "तुझी तारीख कधी गं?" मला सांगता येईना. शेवटची पाळी येऊन ११० दिवस झाले होते. त्या रात्री रडले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

पीसीओडी, म्हणजे ज्याला आता पीसीओएस म्हणतात तो हार्मोन आणि पाळी बिघडवणारा आजार, मला आहे हे एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून "गाठी आहेत, वजन कमी कर, लग्नानंतर होईल नीट" एवढंच सांगितलं. लग्न झालं, नीट काही झालं नाही आणि 'गाठी' हा शब्द तेरा वर्षं डोक्यात बसून राहिला. नाशिकच्या आताच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत कागदावर चित्र काढून समजावलं. त्या गाठी नसतातच, पूर्ण न वाढता थांबलेली बीजकोषं असतात. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. ते जास्तीचं इन्सुलिन बीजांडाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं, आणि त्यातून बीज बाहेर पडणं अडतं, हनुवटीवर केस येतात. मानेवरचा काळा पट्टासुद्धा त्या इन्सुलिनमुळेच. तो मळ नव्हता. शाळेत असताना मी तो दगडाने घासायचे, हे त्या दिवशी आठवलं आणि स्वतःबद्दल फार वाईट वाटलं.

पाळी थायरॉइडमुळे किंवा प्रोलॅक्टिन या हार्मोनमुळेही लांबू शकते, म्हणून आधी ते तपासून ती कारणं बाजूला केली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ५.९ आलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १५८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि ते पुढे धोक्याचं ठरू शकतं, म्हणून आधी दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणली. नियमितपणासाठी आणि केसांसाठी सहसा गर्भनिरोधक गोळ्या देतात. पण मला अर्धशिशी आहे, आधी डोळ्यांपुढे झगमगत्या रेषा येतात. अशा बाईला इस्ट्रोजेनची गोळी दिली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. हे मला कुणी विचारलंच नसतं तर मी सांगितलंही नसतं. तुम्हाला असा त्रास असेल तर आपणहून सांगा.

मग मेटफॉर्मिन, म्हणजे शरीराला इन्सुलिनला नीट दाद द्यायला लावणारं मधुमेहाचं औषध. हळू विरघळणारी ५०० मिलिग्रॅमची गोळी रात्रीच्या जेवणासोबत, आणि दर दोन आठवड्यांनी वाढवत १५०० पर्यंत. पहिले तीन आठवडे अवघड गेले. मळमळ, पातळ शौच, चहाचा वाससुद्धा नकोसा. एकदा उपाशीपोटी घेतली आणि दिवसभर ऑफिसात पोट धरून बसले. जेवणाच्या मधोमध घ्यायला लागल्यापासून त्रास जवळजवळ गेला. कधी शौचात गोळीसारखं काही दिसलं तर घाबरू नका, औषध शरीरात जाऊन उरलेलं ते रिकामं कवच असतं. गोळी स्वस्त आहे, माझा महिन्याचा खर्च दोनशेच्या आत. पण ती बरीच वर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे माझं मुळातच कमी होतं, त्याची वेगळी गोळी चालू आहे.

जेवणात पोळी-भाकरी सोडली नाही, हे मुद्दाम सांगते. यासाठी अमुक एकच आहार सगळ्यात चांगला असं काही सिद्ध झालेलं नाही, असं मॅडम म्हणाल्या, त्यामुळे घरात टिकेल तेच करायचं ठरवलं. ताटात आधी उसळ किंवा घट्ट वरण आणि कोशिंबीर, मग एक बाजरीची भाकरी, भात दोन डाव. सगळ्यात मोठा बदल संकष्टीचा. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, तेही दोन वाट्या! आता दही, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर. सासूबाईंना आधी ते पटलं नव्हतं. साखरेचा रिपोर्ट दाखवला तेव्हा त्याच म्हणाल्या, "उपास देवाचा आहे, खिचडीचा नाही."

व्यायामात मी वर्षानुवर्षं फक्त चालायचे. या वेळी आठवड्यातून तीन दिवस घरीच डंबेल्स आणि उठाबशा सुरू केल्या. आधी दोन-दोन किलो, आता पाच. स्नायू साखर खेचून घेतात, हे कारण समजल्यावर कंटाळा कमी झाला. चालणं रोज अर्धा तास आहेच.

आता खरं बोलायचं ते वजनकाट्याबद्दल. तिसऱ्या महिन्यात काटा फक्त दीड किलो खाली आला होता आणि मी सगळं सोडणार होते. मॅडमनी काटा माळ्यावर टाकायला लावला आणि वही दिली : पाळीची तारीख, कमरेचा घेर, झोप. पाचव्या महिन्यापर्यंत वहीत विशेष काही नव्हतं. मग पाळ्या ५२, ४४, ३९ आणि ३५ दिवसांच्या अंतराने आल्या. कंबर ९४ सेंटिमीटरवरून ८७. वजन ७१.५ वरून ६७, म्हणजे जेमतेम साडेचार किलो. एचबीए१सी ५.५. काट्याकडेच बघत राहिले असते तर यातलं काही दिसलं नसतं. आणि 'गोळ्या नको, जीवनशैलीनेच बरं कर' असं सांगणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर पहिले सहा महिने माझ्या हाताशी काहीच नसतं.

केसांचं मात्र म्हणाल तर हनुवटीवर फरक जवळजवळ नाही. मेटफॉर्मिनकडून ती अपेक्षा ठेवू नये, आणि कुठल्याही औषधाने केसांना सहा महिने तरी लागतातच. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी असते, पण ती घेताना गर्भ राहून चालत नाही आणि आम्हाला आता बाळ हवं आहे. म्हणून लेझर सुरू केलं, दोन बैठका झाल्या. पीसीओएससाठी मिळणारी मायो-इनॉसिटॉल या पूरकाची पावडरही मधे तीन महिने घेतली. महाग होती, वेगळा फरक जाणवला नाही, बंद केली.

अजून एक. मेटफॉर्मिनने बीज पुन्हा सुटू लागू शकतं, त्यामुळे 'मला पीसीओएस आहे, दिवस राहणार नाहीत' असं धरून चालू नका. आम्ही गेल्या महिन्यापर्यंत काळजी घेत होतो. आता फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं आहे, आणि बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल द्यायचं का, हे पुढच्या भेटीत वही बघून ठरवणार आहोत.